मुठीपासून दोन बोटांवर

आमच्या घरात देवांबरोबर एक खंजीरही बदलीवर यायचा. देव तांब्याच्या डब्यात, आणि खंजीर मामंजींच्या जुन्या धोतरात गुंडाळून भांड्यांच्या ट्रंकेत अगदी तळाशी. ह्यांची नोकरी केंद्र सरकारची, चार-पाच वर्षं झाली की बिऱ्हाड उचलायचं. बांगलादेशच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही चंदीगडला आलो, सेक्टर बावीसमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान उतरलं, तेव्हा चार कपबशा फुटल्या होत्या आणि पाट्याचा वरवंटा हरवला होता. खंजिरावर मात्र ओरखडाही नव्हता. ओरखड्यांचं काम आम्ही घरच्या घरीच करत होतो, पण ते मला फार उशिरा कळलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांनी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते शेवटपर्यंत. इतिहासाचे मास्तर, त्यामुळे पुराव्यावर भारी जीव. भाजी ताजी आहे म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारायचे. मी वैतागून त्यांच्या ताटासमोर भेंडीचं देठ मोडून दाखवायची. मग ते समाधानाने जेवायचे.

त्या खंजिराची घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी. घराण्यातला एक पुरुष पानिपतच्या लढाईला गेला आणि दंडावर वार घेऊन, सगळ्यांनी आशा सोडल्यावर परत आला. आला तेव्हा कमरेला हा खंजीर होता. पातं वीतभराहून थोडं मोठं, टोकाकडे किंचित वळलेलं. मूठ हस्तिदंताची, तिच्या वरच्या टोकाला मेंढ्याचं डोकं कोरलेलं आणि खाली वेलीवर फुलं. पण गावाची गोष्ट निराळी होती. गाव म्हणायचं, हा गडी नर्मदेपर्यंत गेला, पाणी बघून त्याचं पाणी पळालं, सगळा काळ बऱ्हाणपुरात कुणाच्या तरी गोठ्यात काढला आणि तिथल्याच बाजारातून खंजीर घेऊन मिरवत आला. त्यावरून आमच्या घराला नाव पडलं होतं 'अलीकडचे'. नदीच्या अलीकडचे.

दोनशे वर्षं उलटून गेली तरी गाव विसरलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा पंगतीत कुणी तरी माझ्या मावशीला विचारलं होतं, अलीकडच्यांकडे दिली का मुलगी? मावशीला वाटलं, आळी विचारतायत. मामंजी वर्गात पानिपत शिकवायला लागले की दर वर्षी मागच्या बाकावरून कुणी तरी हळूच तो शब्द टाकायचं. मुलं नवी, शब्द तोच, आणि असं पस्तीस वर्षं. हे सगळं मला सांगताना ते हसायचे, पण हसताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मला त्या गावाचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

चंदीगडला आल्यावर त्यांच्या मनाने उचल खाल्ली. पानिपत इथून बसने जेमतेम एका सकाळचा रस्ता. बस स्टँड घराच्या मागेच. खंजीर उत्तरेकडच्या कारागिराचा आहे आणि लढाईच्या काळातला किंवा त्याआधीचा आहे, एवढं कुणी जाणकाराने सांगितलं की झालं, असं ते म्हणत. आयुष्यात दुसरं काही मागणं नव्हतं. वय पंच्याहत्तरीला आलेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडून तो गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत चाललेला, हातांना कंप. नातीला पानिपत सांगायचे तर ती मधेच "फिर क्या हुआ, आजोबा?" विचारायची, आणि हे तिथेच थांबायचे. पुढचं मला नक्की ठाऊक नाही बाळ, म्हणायचे. घरातली गोष्टसुद्धा पुराव्याशिवाय पुढे न्यायची नाही असा माणूस.

खंडेनवमीला त्या खंजिराची पूजा व्हायची. एरवी तो ट्रंकेत, पण त्या दिवशी पाटावर. आणि पूजेआधी घासणं. चिंच भिजवायची, विटेची पूड वस्त्रगाळ करायची, दोन्ही कालवून पातं लख्ख होईपर्यंत घासायचं. मग धुवायचं, खोबरेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. विटांना तर चंदीगडात तोटा नव्हता, अर्धं शहर अजून बांधून व्हायचं होतं. आपट्याची पानं मात्र मिळत नसत, म्हणून रस्त्याकडेच्या कचनाराची आणायची. ती दिसतात तशीच. मामंजींनी त्याला परवानगी दिली होती, पण हे आपट्याचं नाही असं दर वर्षी मोठ्याने सांगूनच ते पान हातात ठेवायचे.

आधी घासायचं काम त्यांचंच होतं. हात कापायला लागल्यावर ते माझ्याकडे आलं, आणि ते शेजारी पाटावर बसून देखरेख करायला लागले. दर वर्षी घासताना एक गोष्ट सांगायचे. ते आठ वर्षांचे असताना वडिलांनी पहिल्यांदा खंजीर त्यांच्या हाती दिला. तेव्हा पात्यावर मुठीपासून दोन बोटांवर पिवळे डाग होते. पिढ्यान् पिढ्या वाहिलेली हळद तेल पिऊन बसली होती, जाता जात नव्हती. पोराने जिद्द धरली. पहिल्या दसऱ्याला निम्मे गेले, दुसऱ्याला आणखी थोडे, आणि तिसऱ्या दसऱ्याला पातं कोरं झालं. वडिलांनी सगळ्या भाऊबंदांसमोर पाठ थोपटली. वडील एरवी पाठीवर हात ठेवायचे तो वेगळ्या कारणासाठी, हेही ते सांगायचे. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की 'तिसऱ्या दसऱ्याला' म्हटलं की माझा हात आपोआप थांबून पातं धुवायला घ्यायचा.

आम्हाला तिथे तीन वर्षं झाली तेव्हा शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी जवळच्या खरड गावातल्या एका म्हाताऱ्या शिकलगाराचं नाव सुचवलं. हत्यारं घडवणाऱ्यांचं जुनं घराणं. तो हातात घेऊन सांगेल कुठलं आणि कधीचं, म्हणाले. पितृपंधरवडा चालू होता. मी म्हटलं, नवरात्रात जाऊ. मामंजी म्हणाले, पूर्वजाचं काम आहे, याहून चांगला पंधरवडा कुठला? ह्यांना रजा नव्हती. मामंजींना बस झेपणार नव्हती. राहिले मी.

आदल्या दिवशी मामंजींनी मला खंजीर घासायला लावला. चार माणसांत न्यायचा तर असा कळकट कसा न्यायचा? मलाही ते पटलं. लग्नाला निघालेल्या पोरीला न्हाऊ घालावं तसं मी त्याला तयार केलं. पातं घासलंच, शिवाय मूठ सोड्याच्या पाण्यात बुडवून दातांच्या जुन्या ब्रशने मेंढ्याच्या कानामागचं, शिंगांच्या वळ्यांतलं सगळं काळं काढलं. मूठ पांढरीशुभ्र झाली. मी स्वतःवर खूश होते. मामंजींनी बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाले, "आता बोलेल तो."

खरडच्या बसमध्ये खंजीर माझ्या पिशवीत, वर मुळ्यांची जुडी. लपवायची काही गरज नव्हती, कंडक्टरच्याच कमरेला कृपाण होतं. खरड तेव्हा लहान होतं, मंडी आणि तिच्यामागे चार गल्ल्या. शिकलगाराच्या दुकानात विळे, सुऱ्या, चारा तोडायचे टोके, कढया. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी धोतराची गुंडाळी सोडली तसा तो उठला, हात धुऊन आला, खंजीर कपाळाला लावला आणि मगच बघायला लागला. मला एकदम धीर आला. म्हटलं, योग्य जागी आले.

त्याने भिंग काढून आधी मूठ बघितली, मग मला दाखवली. मुठीच्या कडेला बारीक रेघा एकमेकींना छेदत गेल्या होत्या. हाडाला अशा रेघा नसतात, काळे टिपके असतात, म्हणजे हा अस्सल हस्तिदंत. मेंढ्याच्या डोळ्यांत खळगे होते, तिथे एके काळी खडे असणार. कोरीव काम इकडचं, दिल्ली-लाहोरकडचं. मी मनातल्या मनात गावाला दोन शब्द ऐकवले. पण मग त्याने कानाच्या घडीत सुई फिरवली आणि टोकावर आलेली तपकिरी रेघ मला दाखवली. हस्तिदंत वर्षांनुवर्षं हाताळला की खाचांमध्ये हा रंग बसतो, त्यावरून वय कळतं, असं त्याने सांगितलं. "इतना ही छोड़ा है आपने," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. आम्ही महिनाभर उशीर केला असता तरी चाललं असतं. मी एक संध्याकाळ मूठ घासत बसले नसते तर बरं झालं असतं.

मी वय विचारलं. तो म्हणाला, दोनशे वर्षं. पन्नास इकडे, पन्नास तिकडे. आमचं सगळं भांडण त्या पन्नासातच होतं. आणि इकडचं काम म्हणजे मालक इकडे आला होता असं नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं. अशा वस्तू तेव्हाही बाजारात फिरायच्या, नजराणा म्हणून जायच्या. बऱ्हाणपुरातसुद्धा मिळत असतील का, असं मी विचारलं नाही. उत्तर कळत होतं.

मग तो पात्याकडे वळला. बराच वेळ उजेडात तिरकं धरून बघत राहिला. पोलादात लाटांसारखी नक्षी असते, ती घासून गेलेली. त्याने पातं तोंडाजवळ नेलं आणि काचेवर सोडावा तसा श्वास सोडला. पातं धुरकट झालं आणि कडेकडून साफ होत आलं. एका जागी मात्र वाफ क्षणभर जास्त टिकली, आणि मला तिथे एक छोटी लांबट चौकट दिसली. चौकटीत बारीक ओरखड्यांची जाळी. लगेच गेली. त्याने पुन्हा श्वास सोडला, पुन्हा दिसली. मुठीपासून दोन बोटांवर.

"बीबीजी, यहाँ सोने की तार से लिखा हुआ था," तो म्हणाला. "मालिक का नाम, और सन."

"सन भी?"

"सन तो ज़रूर लिखते थे."

ते ओरखडे मुद्दाम पाडायचे असतात, त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची, म्हणजे ती धरून राहते, असं त्याने समजावलं. भिंगातून त्याने एका ओरखड्यात अडकलेला पिवळा कण दाखवला. कदाचित एखाद्या अक्षराखालचा नुक्ता असेल, म्हणाला. त्याला फारसी वाचता येत होतं. वाचायला तेवढा एकच ठिपका होता. मग त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, कुणी घासलं हे? मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, हम लोग. हर साल. पूजा के लिए.

मला समोर एक आठ वर्षांचा मुलगा दिसत होता, जीभ दातांत धरून विटेच्या पुडीने तीन दसरे हळद घासणारा. ती हळद नव्हती. दोनशे वर्षं गावाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे सोन्यात लिहून ठेवलेलं होतं, आणि ते ज्याला सगळ्यात जास्त हवं होतं त्यानेच ते पुसून टाकलं होतं. शाबासकी घेऊन. मी त्या दुकानात लोखंडाच्या ढिगाशेजारी बसून रडले. म्हाताऱ्याने मला पाणी दिलं. पुन्हा काही उमटवता येणार नाही का, या माझ्या प्रश्नावर त्याने फक्त नाही अशी मान हलवली. निघताना एवढंच म्हणाला की आता याला चिंच नको, वीट नको, नुसतं तेल. ती चौकट तरी राहू द्या.

परतीच्या बसमध्ये मी काय सांगायचं ते ठरवत होते आणि मोडत होते. घरी मामंजी व्हरांड्यात टोपी घालून बसले होते. माझी पावलं ओळखून उभेच राहिले. मी सांगितलं, मूठ अस्सल हस्तिदंताची आहे, काम दिल्ली-लाहोरकडचं आहे. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, इथेच थांबावं. पण थांबतील ते मास्तर कसले.

"मूठ व्यापारानेही जाते," ते म्हणाले. "काळ कुठला म्हणाले?"

"दोनशे वर्षं. पन्नास मागेपुढे."

"मग काय उपयोग? पात्यावर काही खूण सापडली का?"

मी म्हटलं, पातं नीट बघायला त्यांना वेळ नव्हता, पुन्हा बोलावलंय. इतकं पटकन खोटं माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते म्हणाले, बरोबर आहे, चांगल्या कामाला वेळ लागतो.

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना सगळं सांगितलं. ह्यांनी डब्याचं झाकण स्वतःच लावलं. मग म्हणाले, "दादांना सांगू नकोस. या वयात सहन नाही व्हायचं." आणि डबा घेऊन ऑफिसला गेले. बरोबरच होतं त्यांचं. पण दिवसभर दादांच्या समोर वावरायचं होतं मला. ऑफिसात बसून गुपित सांभाळायला काय लागतं?

मामंजींनी दोन दिवसांत पत्र तयार केलं. शिकलगाराला द्यायचं, मी हिंदीत लिहून घ्यायचं. प्रश्नांना नंबर घातलेले. पहिला प्रश्न पोलादाचा होता. दुसरा, पात्यावर कुठे काही लेख अथवा आकृती होती असे दिसते काय? तो प्रश्न मी लिहिला, त्यांना वाचून दाखवला, त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, तो बदलला. पत्र कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं. त्यानंतर ते रोज विचारायचे, आणि मी कधी बस बंद केल्या, कधी शिकलगाराला त्याच्या गावी पाठवलं, कधी आजारी पाडलं. एकदा ते म्हणाले, सुभेदारांबरोबर मीच जाऊन येतो. मी सुभेदारांकडे जाऊन हात जोडले. त्या भल्या माणसाने गुडघा दुखतोय असं सांगितलं आणि पंधरा दिवस आमच्या अंगणासमोरून लंगडत गेला.

दुपारी मामंजी झोपले की मी खंजीर काढायची आणि त्या जागी श्वास सोडायची. चौकट यायची, जायची. त्यातून काही वाचता येईल असं मला वाटत नव्हतं, तरी बघायची. मला माझाच राग यायचा, आणि त्यांचा अजिबात येत नव्हता. आठ वर्षांच्या मुलाचा कसा राग करणार?

खंडेनवमी आली. मी मनाशी ठरवलं होतं, नुसतं तेल. मामंजींना म्हटलं, शिकलगार म्हणालाय घासू नका म्हणून, पोलादाला चांगलं नसतं. ते आधी ऐकूनच घेईनात. मग गंभीर झाले. शस्त्र न घासता पूजेला लावायचं, असं आमच्या घरात कधी झालं नाही, म्हणाले. सत्तर वर्षं होत आली, एक दसरा चुकला नाही. डोळे गेले म्हणून तू मला फसवशील का? ते अगदी सहज म्हणाले, त्यात काही आरोप नव्हता.

"हात नाही चालत तुझा, तर मी घासतो," ते म्हणाले आणि हात पुढे केला. तो हात इतका कापत होता की धार लागली असती. मी खंजीर मागे घेतला. चिंच भिजवलेली नव्हती, ती भिजवली. अंगणातल्या विटेचा तुकडा फोडून पूड केली, जितकी बारीक करता येईल तितकी बारीक, पिठाहून बारीक. ते पाटावर येऊन बसले आणि कान माझ्या हाताकडे केला.

"घास," म्हणाले. "मला आवाज येऊ दे."

मी घासायला लागले. चिंचेचा तो खसखस आवाज ऐकून ते सैलावले, मांडी नीट केली आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. ते आठ वर्षांचे होते. पात्यावर हळदीचे पिवळे डाग होते. पहिल्या दसऱ्याला निम्मे गेले. मी डाव्या हाताचा अंगठा मुठीपासून दोन बोटांवर दाबून धरला होता आणि उजव्या हाताने भोवतीने घासत होते. अंगठ्याखाली चिंचेचं पाणी जात होतं आणि नखाला झोंबत होतं. दुसऱ्या दसऱ्याला आणखी थोडे. त्यांचा चेहरा शाबासकीच्या दिवसापाशी पोचला होता. अंगठ्याखाली वाचण्यासारखं आता काहीच नव्हतं, हे मला माहीत होतं. तिसऱ्या दसऱ्याला, ते म्हणाले, पातं कोरं झालं.

या वेळी माझा हात थांबला नाही. गोष्ट संपली तरी मी घासत राहिले, आणि अंगठा उचलला नाही.